जादूघरातले पणजोबा

ऐरोलीच्या आमच्या फ्लॅटला माळा नाही, म्हणून मझगावच्या घरातली पत्र्याची पेटी पलंगाखाली सरकवली आहे. तिच्या तळाशी पांढऱ्या कातड्याचा, निळ्या काठाचा एप्रन निघाला. अब्बांनी तो पाहून पेटी बंद केली. “जादूघरातला आहे,” एवढंच म्हणाले.

फ्रीमेसनांच्या इमारतीला जुनी माणसं जादूघर म्हणत. पणजोबांनी तिथं ईमान विकलं, पुढं तौबा करून ते बाहेर पडले, ही आमच्या घरची कथा. शब-ए-बरातला सगळ्यांच्या नावे फातिहा होते. पणजोबांचं नाव आलं की फुफीचा आवाज खाली जातो.

इंग्लंडच्या ग्रँड लॉजच्या १७५१ ते १९२१ या काळातल्या सभासदांच्या वह्या आता संगणकावर पाहता येतात. मात्र मुंबईत हिंदी लोकांना प्रवेश मिळावा म्हणून १८४३ साली डॉ. जेम्स बर्न्स यांनी काढलेलं ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजखालचं. (माणकजी खरशेटजींना इथल्या गोऱ्यांनी नाकारलं होतं.) तेव्हा आपला माणूस कुणाच्या वहीत, हेच आधी ठरवावं लागतं. मी इंग्लिश वह्या उघडल्या. आडनावाने शोधण्यात कित्येक रात्री फुकट गेल्या. कारकुनाने वडिलांचंच नाव आडनाव म्हणून लिहिलं होतं आणि महंमदचं स्पेलिंग तर दर पानावर वेगळं! शेवटी पत्ता आणि धंदा जुळला: मझगाव, जहाजांना सामान पुरवणारे.

एकच ओळ. वय, प्रवेशाची तारीख आणि शेवटच्या रकान्यात शेरा: वर्गणी थकल्यामुळे नाव कमी केलं.

म्हणजे तौबा वगैरे काही नव्हती. पैसे नव्हते.

अब्बा गप्प बसले. मी फुफीला सांगितलं, लॉजमध्ये ज्याने त्याने आपल्या धर्मग्रंथावर हात ठेवून शपथ घ्यायची असते. पणजोबांचा हात कुराण शरीफवरच असणार. तिने ते ऐकलं, पण तिचं मन भलतीकडेच अडकलं होतं.

“वर्गणी थकली म्हणजे कर्ज झालं ना रे? मय्यतीवरचं कर्ज वारसांनी फेडायचं असतं. किती होतं?”

वहीत आकडा नाही. फुफी दर जुम्म्याला फोन करून विचारते. मी आता त्या लॉजच्या हिशेबाच्या वह्या शोधतो आहे.