दोन अनुदानांच्या मधला पगार

एक संशोधन-अनुदान संपलेले असते आणि दुसरे मंजूर व्हायचे असते. त्या मधल्या महिन्यांत संशोधकाचा पगार चालू राहावा म्हणून दिलेली तात्पुरती रक्कम म्हणजे अंतरिम वेतन-साहाय्य. अमेरिकेत वैद्यकीय शाखांतल्या अनेक प्राध्यापकांचा पगारच अनुदानातून निघतो, म्हणून तिथली बरीच विद्यापीठे यासाठी वेगळा निधी राखतात. भारतात कायम प्राध्यापकाला अशी चिंता नसते. अनुदान थांबले की पगार थांबतो तो ज्युनियर रिसर्च फेलो (जेआरएफ), सीनियर रिसर्च फेलो (एसआरएफ), रिसर्च असोसिएट आणि प्रोजेक्ट असिस्टंट यांचा. प्रयोगशाळेतले आणि शेतावरचे बहुतेक काम याच मंडळींच्या हातून होते. सातव्या वेतन आयोगाचे आकडे वाचून ‘विद्यापीठातल्यांना काय कमी आहे’ असे म्हणणाऱ्यांना हा वर्ग दिसतच नाही.

1 जानेवारी 2023 पासून केंद्राच्या दरांनुसार जेआरएफला दरमहा 37,000, एसआरएफला 42,000 आणि रिसर्च असोसिएटला किमान 58,000 रुपये मिळतात. घरभाडे भत्ता वेगळा. रक्कम वाईट नाही. अडचण मुदतीची आहे. अधिछात्रवृत्ती दोन वर्षे जेआरएफ आणि तीन वर्षे एसआरएफ अशी पाच वर्षे चालते, तर विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2022 चे विनियम पीएच.डी.साठी सहा वर्षांपर्यंत मुदत देतात. म्हणजे सहावे वर्ष बिनपगारी जाणार, हे नियमांतच लिहिलेले आहे. प्रबंध सादर केल्यापासून मौखिक परीक्षेपर्यंतचे महिने त्याहून अवघड: विद्यार्थी म्हणून पैसे मिळत नाहीत आणि डॉक्टरेट हातात नसल्याने पुढच्या जागेवर रुजूही होता येत नाही.

प्रकल्पांवरच्या पगारात खंड पडतो तो मुख्यतः 31 मार्चच्या आर्थिक वर्षअखेरीमुळे, आणि हा मुद्दा जरा तपशिलाने सांगणे भाग आहे. अनुदान हप्त्यांनी येते. आधीच्या हप्त्याचे खर्चाचे विवरणपत्र आणि उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे रोजच्या भाषेत ‘एसई’ आणि ‘यूसी’, पोहोचल्यावरच पुढचा हप्ता सुटतो. केंद्रीय योजनांच्या निधिवाटपाची पद्धत 2022 पासून बदलली आणि अखर्चित रक्कम संस्थेच्या खात्यात पुढच्या वर्षासाठी ठेवून घेण्याची सोय आक्रसली. सरकारी पैसा खात्यांत नुसता पडून राहू नये हा हेतू रास्तच आहे. पण रसायनांची खरेदी दोन महिने पुढे ढकलता येते, माणसाचा महिन्याचा किराणा ढकलता येत नाही. खरेदी आणि पगार एकाच नियमात बसवणे ही या पद्धतीतली खरी चूक आहे.

नाशिकमध्ये या चुकीची किंमत फार ठळकपणे दिसते. द्राक्षबागेची खरड छाटणी एप्रिलच्या आसपास होते. त्यानंतर साधारण 40 ते 60 दिवसांत काडीवरच्या डोळ्यांत सूक्ष्म घडनिर्मिती होते. देठ परीक्षणाचे नमुनेही याच काळात घ्यायचे असतात. पुढच्या हंगामात वेलीवर किती घड येणार, हे तेव्हाच ठरून जाते. नेमक्या याच महिन्यांत प्रकल्प सहायकाचा पगार अडकला आणि तो गावी निघून गेला, तर एप्रिल ते जूनच्या नोंदी राहून जातात. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर घड मोजता येतात, पण ते कमी का आले हे सांगणारी माहिती कोणाजवळ नसते. तीन महिन्यांच्या खंडाने प्रयोगाचे पूर्ण वर्ष बुडते. जिल्ह्यातल्या सुरगाणा-पेठच्या पाड्यांवर मुलांच्या वाढीच्या नोंदी ठेवायच्या असतील तर नुकसान आणखी मोठे, कारण घराघरांत जमवलेला विश्वास नव्या माणसाला आयता मिळत नाही.

पुण्यात अशा वेळी काहीतरी सोय लागते. एनसीएल, आयसर, आघारकर या संशोधन संस्था जवळजवळ आहेत. एका प्रयोगशाळेतले काम संपले तर दुसरीत विचारता येते. नाशिकला मुक्त विद्यापीठ 1989 पासून आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 पासून आहे. पण पहिल्याचा मुख्य व्याप दूरशिक्षणाचा आणि दुसऱ्याचा राज्यभरच्या संलग्न महाविद्यालयांचा. शेजारच्या इमारतीत दुसरी प्रयोगशाळा नसल्यामुळे इथला संशोधक एकदा बाहेर पडला की बहुधा संशोधनातूनच बाहेर पडतो.

या प्रश्नावर देशात विचार झालेलाच नाही असे नाही. परदेशातून परतलेल्या शास्त्रज्ञांना कायम नोकरी मिळेपर्यंत तात्पुरता आधार मिळावा म्हणून 1958 मध्ये सीएसआयआर या केंद्रीय संशोधन परिषदेकडे ‘सायंटिस्ट्स पूल’ स्थापन झाला. पूल ऑफिसर विद्यापीठांत आणि राष्ट्रीय प्रयोगशाळांत काम करत. पुढे या योजनेचेच नाव सीनियर रिसर्च असोसिएटशिप झाले. कल्पना उत्तम होती आणि आजही आहे. मात्र अर्ज, छाननी आणि मुलाखत अशी देशपातळीवरची निवड चार महिन्यांची गरज भागवू शकत नाही; निकाल लागेपर्यंत माणूस दुसऱ्या धंद्याला लागलेला असतो. अशा खंडाची झळ सगळ्यांना सारखी बसत नाही, हेही लक्षात घ्यायला हवे. घरून पैसे मागता येतात तो सहा महिने थांबतो. शेतमजुराची किंवा कोरडवाहू शेतकऱ्याची मुलगी थांबू शकत नाही. बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीसाठी विद्यार्थी आंदोलनाला बसतात ते यामुळेच.

‘काम नसताना पगार कशाला’ हा आक्षेप हमखास घेतला जातो. तो चुकीचा आहे, कारण काम चालूच असते. थांबलेला असतो तो हप्ता. शिवाय हिशेब साधा आहे. एका संशोधकाच्या पाच वर्षांच्या अधिछात्रवृत्तीवर, घरभाडे वगळता, आजच्या दराने 24 लाख रुपये खर्च होतात. त्याला रिसर्च असोसिएटच्या दराने सहा महिने टिकवून धरायला 3 लाख 48 हजार पुरतात. एवढ्यासाठी 24 लाखांचे शिक्षण सोडून देणे कोणत्याही लेखापरीक्षणात काटकसर ठरू नये.

हा निधी विद्यापीठाच्या पातळीवरच हवा. प्रकल्पांच्या रकमेतला काही हिस्सा ओव्हरहेड म्हणून संस्थेला मिळतो. त्यातला ठरावीक भाग यासाठी वेगळा काढता येईल. अटी कडक असाव्यात: मुदत सहा महिन्यांपेक्षा जास्त नाही, पुढचा प्रस्ताव सादर झालेला असावा किंवा मंजूर हप्ता अडकलेला असावा, आणि निर्णय अर्जानंतर पंधरा दिवसांत व्हावा. नाशिकच्या दोन्ही विद्यापीठांनी येत्या मार्चच्या अर्थसंकल्पात असे लेखाशीर्ष उघडावे आणि त्यातला पहिला धनादेश एप्रिलमध्येच निघावा.