टेबलापलीकडची एमा

ओहोटीच्या वेळी खडकांवरून अनवाणी चाललं की तळव्याला जे पांढुरकं, खरखरीत टोचतं, ते बार्नॅकल. गेली पंचवीस वर्षं माझं काम याच प्राण्यावर आहे. कवच एखाद्या चिमुकल्या ज्वालामुखीसारखं. समुद्राच्या पाण्याच्या वाटीत ठेवून जरा धीर धरला, की वरची झडप उघडते आणि पिसांसारखे पाय बाहेर येऊन पाणी चाळू लागतात. डोकं खडकाला कायमचं चिकटवून पायांनी जेवणारा हा जीव, खेकड्या-कोळंबीचा भाऊबंद.

चार्ल्स डार्विननं १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षं याच्यापायी घालवली. घरात बार्नॅकलचं काम इतकं अंगवळणी पडलं होतं, की त्याच्या एका मुलानं शेजारच्या गृहस्थांबद्दल विचारलं म्हणतात, मग ते त्यांची बार्नॅकल्स कुठे करतात? त्यामुळे 'क्रिएशन' हा २००९चा सिनेमा मी पाहायला बसले, ती माझ्याच घराण्यातल्या माणसाची गोष्ट पाहायला बसावं तशी. पॉल बेटनी डार्विन झालाय, जेनिफर कॉनेली एमा. दिग्दर्शक जॉन एमिएल. दहा वर्षांची लाडकी ॲनी मरण पावते. ती वडिलांना दिसत राहते, बोलत राहते. श्रद्धाळू एमा आणि उत्क्रांतीच्या सिद्धांताचं अर्धवट हस्तलिखित यांच्यामध्ये हा माणूस झुरत जातो.

बेटनीचा थकलेला चेहरा मी विसरू शकत नाही. घरट्यातून पडलेल्या पिल्लाचं किडे-अळ्यांत मातीमोल होणं कॅमेरा डोळे न मिटता दाखवतो. ते दृश्य मी वर्गात दाखवलं आहे. पण काही गोष्टी खटकल्याच. सिनेमातला पाद्री इनेस लहानग्या ॲनीला खडेमिठावर गुडघे टेकायला लावतो. खरे जॉन इनेस डार्विनचे आयुष्यभराचे स्नेही होते. मतं जुळत नसूनही त्यांचा जिव्हाळा शेवटपर्यंत टिकला. सिनेमाला खलनायक हवा होता, म्हणून एका चांगल्या माणसावर हा अन्याय झाला, असं मला वाटतं.

त्याहून मोठी गोष्ट एमाची. सिनेमात डार्विन अखेरीस हस्तलिखित तिच्या हाती देतो. छापायचं की नाही, ते तिनं ठरवायचं. प्रसंग हलवून सोडतो. पण खरी एमा त्याच्या लिहिण्याच्या टेबलाशी फार आधीपासून बसलेली होती. १८४४ मध्ये डार्विननं आपला सिद्धांत सविस्तर लिहून काढला आणि ५ जुलैला तिच्या नावे पत्र ठेवलं: मी अचानक गेलो तर हे छापून घे, त्यासाठी चारशे पौंड खर्च कर. परलोकात आपली ताटातूट होईल या भीतीनं कासावीस होणाऱ्या बाईवर त्यानं ही जबाबदारी टाकली. तिनं ते लिखाण वाचलं, समासात शेरे लिहिले. डोळा हळूहळू घडत गेला असेल, या मुद्द्यापाशी तिनं लिहिलं, हे फारच मोठं गृहीतक आहे. माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगते, असा परीक्षक मिळायला भाग्य लागतं.

पुरावा म्हणजे काय, हेही सिनेमात निसटतं. इब्ला नावाच्या बार्नॅकलच्या मादीत डार्विनला काही बारके जीव चिकटलेले दिसले. आधी त्याला ते परजीवी वाटले. मग कळलं, हे तर तिचे नर! आणि त्याच गोत्रातल्या दुसऱ्या जातीत नर-मादी एकाच देहात, तरी बाजूला असेच चिमुकले नर. उभयलिंगी देहातून वेगळी लिंगं कशी निघाली असतील, त्याची मधली पायरी त्याच्या भिंगाखाली होती. मी पहिल्यांदा असा नर सुईनं अलगद सोडवला, तेव्हा हात कापत होता. सिद्धांत छापण्यातली डार्विनची दिरंगाई नुसत्या भीतीची नव्हती. असं एकेक सुटं करत जायला वर्षं लागतात.

ॲनी २३ एप्रिल १८५१ला गेली, मॉल्वर्नमध्ये, जलोपचार चालू असताना. डार्विन तिच्या उशाशी होता. एमा दूर डाउन गावी, दिवस भरत आलेले. दोघांमध्ये रोज पत्रं जात-येत होती. ॲनीची लिहिण्याची पेटी एमानं जपून ठेवली. पुढे ती डार्विनचे खापरपणतू रँडल केन्स यांना मिळाली आणि त्यांच्या पुस्तकावरच हा सिनेमा बेतला आहे. पेटीत लेखण्या आहेत, कागद आहेत, ॲनीच्या केसांची बट आहे. आणि वडिलांनी तिच्या आजारपणात दिवसेंदिवस टिपलेल्या नोंदीही आहेत.