मनालीहून लेहकडे : उंच वाटेवरील हवेचा धडा

वाचकहो, हिमालयाची प्रवासवर्णने आपण पुष्कळ वाचली असतील. शुभ्र शिखरे, खोल दऱ्या आणि फेसाळणाऱ्या नद्या यांचे वर्णन करावयास आमच्यापेक्षा समर्थ लेखण्या आहेत. आम्ही आज जे सांगणार आहोत ते त्या मानाने क्षुल्लक वाटेल; पण त्या वाटेने मोटारसायकलीवरून जाणाऱ्याच्या जिवाशी त्याचा निकटचा संबंध आहे. बेळगाव-गोव्याकडील कितीतरी तरुण हल्ली उन्हाळ्यात गाड्या आगगाडीने दिल्लीस पाठवितात आणि तेथून लडाखची वाट धरतात. त्यांच्या आईबापांनीही हे वाचावे, अशी आमची इच्छा आहे.

मनाली समुद्रसपाटीपासून सुमारे 2,050 मीटर उंच आहे. पूर्वी येथून 3,978 मीटर उंचीचा रोहतांग घाट ओलांडूनच पुढे जावे लागे. ऑक्टोबर 2020 मध्ये डोंगराच्या पोटातून सुमारे 9 किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला, आणि आता अल्पावधीत मनुष्य पलीकडच्या लाहौल खोऱ्यात पोहोचतो. अलीकडे देवदारांची गर्द सावली, तर पलीकडे पाऊस न पोहोचणारे उघडे डोंगर, असा हा पालट आहे. तांदी येथे चंद्रा आणि भागा या नद्यांचा संगम होतो. चंद्रभागा हे नाव ऐकताच मराठी माणसास पंढरपूर आठवल्यावाचून राहत नाही; तथापि ही चंद्रभागा निराळी, हीच पुढे चिनाब होते.

केलाँग आणि जिस्पा मागे टाकून आम्ही 4,800 मीटरांहून उंच असलेल्या बारालाचा खिंडीत आलो, तेव्हा सामानातील बटाट्याच्या काचऱ्यांची बंद पाकिटे फुग्यासारखी टम्म फुगली होती. खालच्या मुलखात भरलेली हवा आत तेवढीच होती; बाहेरची मात्र विरळ झाली होती. बेळगावास हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे नऊ-दशांश असतो, तर या खिंडीत तो निम्म्याहून किंचितच अधिक उरतो.

उंचीबरोबर हवेचा दाब घटतो, हे प्रत्यक्ष मोजून दाखविण्याचा मान फ्रान्सकडे जातो. 19 सप्टेंबर 1648 रोजी ब्लेझ पास्कालच्या विनंतीवरून त्याचा मेहुणा फ्लोरिन पेरिए पाऱ्याची नळी घेऊन प्वी-द-दोम हा डोंगर चढला. माथ्यावर पारा सुमारे साडेआठ सेंटिमीटरांनी खाली उतरला. त्या दिवशी पायथ्याच्या क्लेरमाँ शहरात, मिनिम संघाच्या मठाच्या बागेत, दुसरी नळी ठेविली होती, आणि फादर शास्तँ हे धर्मगुरू दिवसभर तिच्यावर लक्ष ठेवून होते. तेथील पारा हलला नाही. त्या स्थिर नळीवाचून डोंगरावरील नळीची साक्ष अपुरी राहिली असती.

आता मोटारसायकलीकडे वळू. पुढच्या चाकास धरणाऱ्या फोर्कच्या दोन नळ्यांत स्प्रिंग आणि तेल असते, हे सर्वांस ठाऊक आहे. पण तेलाच्या वर थोडी हवाही कोंडलेली असते, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. चाक खड्ड्यात आपटून फोर्क दबला, की ही हवा आकसते आणि दुसऱ्या स्प्रिंगप्रमाणे उलट रेटा देते. बेळगावास तेल बदलून बंद केलेला फोर्क हिमालयात नेला, की त्या पाकिटासारखीच त्याची स्थिती होते. शिवाय फोर्क सतत वरखाली झाल्याने सीलच्या कडेने थोडी हवा आत ओढली जाते, आणि तेल तापले की दाब आणखी वाढतो. ढोबळ हिशेबाने, 4 सेंटिमीटरांहून किंचित जाड नळ्यांच्या फोर्कात सरचूच्या उंचीवर दोन्ही बाजू मिळून सात-आठ किलोंचा जादा रेटा साठतो. फोर्क दबताच तो कैक पटींनी वाढतो. मग चाक दगडागोट्यांवर टेकत नाही, उड्या मारू लागते. मनगटे ठणकतात, आणि वळणावर पकड सुटते. सील फुटून तेल ब्रेकच्या चकतीवर उतरले, तर त्या कड्यांवर काय अनर्थ ओढवेल, ते सांगावयास नको.

आमच्या सोबतच्या एका तरुण मिस्त्रीची गाडी रानवाटांवरील शर्यतींसाठी बनविलेल्या जातीची होती. तिच्या फोर्कच्या दोन्ही टोपणांवर हवा सोडण्याचा बारीक स्क्रू होता. सुमारे 4,290 मीटर उंचीवरील सरचूच्या तंबूंत रात्र काढल्यावर, पहाटे यंत्र थंड असताना, त्याने गाडी खोक्यावर चढवून पुढचे चाक अधांतरी केले. फोर्क पूर्ण लांबल्याशिवाय हवा सोडू नये, हा पहिला नियम. मग टोपणावरील धूळ पुसली, वर फडके धरले आणि स्क्रू हळूच सैल केला. “ऐका हं,” तो आम्हांस म्हणाला. ‘सूंऽ’ असा आवाज क्षणभर आला आणि थांबला. स्क्रू पुन्हा हलक्या हाताने आवळला, दुसऱ्या बाजूसही तसेच केले. दोन मिनिटांचे काम! पुढे गाटा येथील 21 वळणांच्या चढणीवर तेच चाक रस्त्यास चिकटून चालले.

येथे काही सूचना देणे आम्हांस अगत्याचे वाटते. ज्या गाडीस असा स्क्रू नाही, तिचे मोठे टोपण वाटेत उघडू नये. त्याखाली दबलेली स्प्रिंग असते, आणि ती तोंडावर उसळू शकते. काही फोर्कांत स्प्रिंगऐवजी मुद्दाम मापून भरलेली हवाच काम करते. तीही तशीच सोडू नये. आणि परतल्यावर स्क्रू पुन्हा एकदा उघडावा. वर सोडलेल्या हवेची खाली उणीव भासते. फोर्क मऊ पडतो आणि बाहेरची धूळ व पाणी आत ओढू पाहतो.

सुमारे 5,328 मीटरांवरील तांगलांग खिंड ओलांडून रस्ता सिंधूच्या काठी उतरतो, आणि सुमारे 3,500 मीटरांवर लेह येते. तेथे पोहोचेपर्यंत आमच्या मंडळींत दोघांची डोकी दुखत होती, एकास अन्न नकोसे झाले होते. यंत्रास दोन मिनिटांत नव्या हवेशी जुळवून घेता येते. मनुष्याच्या देहास असा स्क्रू नाही. त्यास दिवस द्यावे लागतात, रात्री थोड्या उंचीवर मुक्काम करीत हळूहळू चढावे लागते. म्हणून आईबापांनी मुलास निरोप देताना पैशांची आणि कपड्यांची चौकशी करावी, तशी आणखी दोन गोष्टींचीही करावी : गाडीचा फोर्क कोणी पाहिला, आणि वाटेत विसाव्यास किती दिवस ठेविले? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘एकही नाही’ असे असेल, तर त्यास आणखी दोन दिवसांची रजा काढावयास सांगावे.