नावाची पाटी

डोंबिवलीत माणसाची ओळख दारावरच्या पाटीवरून पटते. आमच्या इमारतीतल्या काही पाट्यांवर आजोबा, मुलगा आणि पहिलीत जाणारा नातूसुद्धा हजर आहे; आजी आणि सून मात्र आत, स्वयंपाकघरात.

हा पाटीचा प्रश्न आमच्या घरात आला तो मावशीमुळे. कल्याणला ती सतरा वर्षे नांदली. फ्लॅट सासूबाईंच्या नावाचा. काका वेगळे राहू लागले आणि पाठोपाठ वकिलाची नोटीस आली : घर आमचे, मुलाशी आमचा संबंध नाही, सुनेने जागा खाली करावी. मग घरखर्च बंद झाला आणि एके दिवशी कुलूपही बदलले. आई म्हणाली, "तू आपली इकडे ये चार दिवस." मावशीने विचारले, "आणि ताई, पाचव्या दिवशी?" आमच्या दोन खोल्यांत याचे उत्तर कुणाकडेच नव्हते.

मी कायद्याचे पुस्तक उघडले. 2005 चा कौटुंबिक हिंसाचार कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून अमलात आला. बाईला राहत्या घरात येऊ न देणे हीदेखील त्यात हिंसा आहे, आणि घरात मालकी नसली तरी तिला तिथे राहण्याचा हक्क आहे. पण त्याच वर्षी डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने बत्रा खटल्यात सांगितले, की सासूच्या मालकीच्या घरावर सुनेला असा हक्क सांगता येत नाही. तब्बल चौदा वर्षे हा निकाल सुनांच्या आड येत राहिला! 15 ऑक्टोबर 2020 रोजी आहुजा खटल्यात तीन न्यायमूर्तींनी तो चुकीचा ठरवला. पाहायचे ते एवढेच, की ती त्या घरात संसार करून राहिली की नाही. घर कुणाच्या नावावर आहे, हे नव्हे.

याने घर तिचे होत नाही, हिस्साही मिळत नाही. वृद्ध सासूचेही काही म्हणणे असते. न्यायालय ते ऐकते, प्रसंगी सुनेला तशाच दर्जाची दुसरी जागा किंवा तिचे भाडे द्यायला लावते. हे मला रास्त वाटते. सासूबाईंचे गुडघे खरेच दुखतात. उद्या मुलाने त्यांना छळले, तर त्यांनाही याच कायद्याची दाद मागता येईल. मुंबईच्या एका आईने आणि मुलीने मुलाविरुद्ध ती मागितलीच होती; त्या प्रकरणातून 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने तक्रार फक्त प्रौढ पुरुषाविरुद्धच करता येईल ही अट काढून टाकली.

मावशीच्या वकीलबाई म्हणाल्या, "राहत होतात याचा कागद आणा." लाइटचे बिल सासूबाईंचे, सोसायटीची पावती सासूबाईंची. सतरा वर्षे पोळ्या लाटल्याची पावती कोण देतो? रविवारभर आम्ही तिघी मावशीची पत्र्याची पेटी उपसत बसलो. रेशनकार्ड निघाले. बँकेचे जुने पासबुक निघाले. शेवटी तळाशी धाकट्याचे लसीचे कार्ड सापडले. त्यावर नर्सबाईंनी घाईघाईत लिहिले होते : आईचे नाव, आणि खाली कल्याणचा तोच पत्ता.

कल्याणच्या कोर्टात पुढची तारीख सोमवारची आहे. कार्डाची झेरॉक्स मी काढून ठेवली आहे, तीन प्रती.