गर्दी वाढली की काड्या वळतात?

कारंजा घाडगेच्या शिवारात तुराट्या कशाही फेकल्या तर त्यांचा ढीग अडकून बसतो. मोळी बांधायला माणसाचा हातच लागतो. पाण्यातल्या सूक्ष्म काड्यांना असा हात लागत नाही, कारण पाण्याचे रेणू त्यांना सतत हलवत असतात. तंबाखूच्या मोझॅक विषाणूचा कण सुमारे 300 नॅनोमीटर लांब, 18 नॅनोमीटर जाड. 1936 मध्ये बॉडेन, पिरी, बर्नाल आणि फँकुचेन यांनी दाखवलं, की या विषाणूचं द्रावण पुरेसं दाट झालं की त्याचे दोन थर पडतात आणि खालच्या थरात कण एका दिशेला लागतात. हाच द्रवस्फटिक. हे कण एकमेकांना ओढत असतील, असंच कुणालाही वाटेल. लार्स ऑन्सागरने 1949 मध्ये ती ओढ गणितातून काढूनच टाकली. एक काडी दुसरीत घुसू शकत नाही, एवढीच अट ठेवली, आणि तरीही काड्या एका दिशेला लागल्या. एफडी नावाचा असाच काडीसारखा विषाणू 880 नॅनोमीटर लांब, 6.6 जाड; त्याचे दोन कण काटकोनात असले तर एकमेकांची जेवढी जागा अडवतात, ती समांतर असतानाच्या सुमारे 40 पट भरते. म्हणजे दिशेचं स्वातंत्र्य थोडं सोडलं, तर हालचालीचं बरंच मिळतं. एकूण शक्य मांडण्या वाढतात, म्हणजेच एंट्रॉपी वाढते.

खरे विषाणू विद्युतभारित असतात, हा आक्षेप रास्त आहे. पण ऑन्सागरने तो भार काडीची जाडी वाढवून हिशेबात धरला होता. त्याने टक्कर दोघांचीच मोजली, हा आक्षेप अधिक गंभीर. अतिशय बारीक काड्यांना ते चालतं, आखूड-जाड काड्यांना नाही.

मग गर्दी जितकी जास्त तितकी शिस्त जास्त, असं म्हणायचं का? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आनंदमोहन घोष आणि दीपक धर यांनी 2007 मध्ये चौकटींच्या कागदावरच्या काड्यांबद्दल उलट निष्कर्ष मांडला. काडी किमान सात घरांची असेल, तर मध्यम गर्दीत शिस्त येते. कागद जवळजवळ भरला की ती मोडते. कारण हाताने तपासता येतं. 70 बाय 70 घरांचा कागद सात घरांच्या काड्यांनी काठोकाठ भरा. सगळ्या आडव्या ठेवल्या तर मांडणी एकच. पण त्याचे सात बाय सातचे 100 चौकोन पाडले, तर प्रत्येकात सात काड्या आडव्या किंवा उभ्या बसतात: नुसत्या याच मांडण्या 2 चा 100 वा घात इतक्या. 2013 मध्ये कुंडू, राजेश, धर आणि स्टिल्क यांच्या संगणकीय गणनेतही शिस्त मोडण्याचा हा दुसरा बदल दिसला.

पाण्यात चौकटी नसतात, हे खरं. तिथे दाटी आणखी वाढली तर काड्या थरांत बसू शकतात. पण चौकटींच्या मॉडेलकडून विषाणूचं चित्र कुणी मागितलंच नव्हतं. गर्दीलाच शिस्तीचं कारण मानण्यातली चूक त्याने उघडी पाडली. शिस्त येणार की मोडणार, हे ठरतं मांडण्यांच्या संख्येवर, आणि ती संख्या प्रत्येक ठिकाणी नव्याने मोजावी लागते.