उपहास आणि उद्योग

उघड विरोधास उत्तर देतां येतें; हंसण्यास देतां येत नाहीं. म्हणूनच विरोधापेक्षां उपहासानें माणूस लवकर खचतो.

महर्षि धोंडो केशव कर्वे यांनीं १८९३ सालीं पुनर्विवाह केला, तो एका विधवेशीं. त्यांच्या मुरुड गांवानें त्यांजवर बहिष्कार घातला. १८९६ सालीं त्यांनीं विधवांसाठीं आश्रम काढिला व १९०० सालीं तो हिंगण्यास नेला. दिवसा फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवावें आणि नंतर चिखल तुडवीत पायीं हिंगणें गांठावें, असा त्यांचा क्रम असे. लोकांचे टोमणे चालूच असत. परंतु टोमणे मारणारांस जिंकण्यासाठीं ते चालत नव्हते. आश्रमांत मुली वाट पाहत, म्हणून चालत होते. पुढें १९१६ सालीं महिला विद्यापीठ निघालें, आणि १९५८ सालीं, वयाचीं शंभर वर्षें भरलीं तेव्हां, त्यांस ‘भारतरत्न’ लाभलें.

हें चरित्र वाचून मीं स्वतःस एक प्रश्न विचारिला. बोलतांना मी अडखळतों. मोठ्यानें वाचण्याचा सराव करूं लागलों, कीं बेलापुरांतील आमच्या इमारतीच्या जिन्यांत माझी नक्कल होते. मग हें वाचन कोणासाठीं? उत्तर घरांतच होतें. आजीची दृष्टि मंद झाली आहे; वर्तमानपत्र तिला मीच वाचून दाखवितों. ती माझें अडखळणें मोजीत नाहीं, “पुढें काय झालें?” एवढेंच विचारते.

मित्रहो, आपलें काम कोणासाठीं आहे, हें एकदां ठरलें, म्हणजे कोण हंसतो याची मोजदाद करण्यास सवड राहत नाहीं.