फुटक्या पायांचा विचारवंत

अमेरिकेला गेलेला आपला माणूस न्यूयॉर्क पाहतो, वॉशिंग्टन पाहतो, नायगारासमोर उभा राहून फोटो काढून घेतो आणि परततो. ईरी सरोवराकाठचे क्लीव्हलंड त्याच्या यादीत क्वचितच असते. पोलाद आणि तेल यांवर गबर झालेले हे शहर. १९५० साली येथे नऊ लाखांवर वस्ती होती. २०२० च्या शिरगणतीत ती पावणेचार लाखसुद्धा भरली नाही. राहिली ती संग्रहालये. पण काय राहिली आहेत म्हणता!

कलासंग्रहालय १९१६ मध्ये उघडले. आजही आत जावयास दमडी मोजावी लागत नाही. दाराबाहेर पायऱ्यांवरच रोदाँचा ब्राँझचा ‘विचारवंत’ बसला आहे. जवळ जावे तो धक्काच बसतो. त्याचे पाय कुठे आहेत? १९७० च्या मार्च महिन्यात एका रात्री कोणी तरी त्याच्याखाली बाँब ठेवला. चबुतऱ्यावर सत्ताधारी वर्गाच्या नावाने घोषणा खरडली होती. गुन्हेगार काही सापडला नाही. संग्रहालयाने पुतळा दुरुस्त केला नाही, नवाही आणला नाही; फाटलेल्या, पिळवटलेल्या धातूसकट तो पुन्हा जागेवर बसविला. आपल्याकडे अशा वेळी रातोरात रंगसफेदी झाली असती. मला ती उघडी जखमच अधिक सभ्य वाटली.

आत अकराव्या शतकातला चोळ नटराज आहे, १९३० साली घेतलेला. त्याच्यापुढे हात आपसूक जोडले जातात आणि मग पहारेकऱ्याकडे पाहून ओशाळायला होते. अकबरासाठी चितारलेले ‘तुतीनामा’ही या संग्रहालयाचेच. आपल्या शुकबहात्तरीतल्या पोपटाचे हे फारसी भावंड!

एक मूर्ती मात्र तुम्हांला येथे दिसणार नाही. कंबोडियातला दहाव्या शतकातला गुडघे टेकलेला हनुमान १९८२ मध्ये विकत घेतला होता. पुढे संग्रहालयाच्याच अभ्यासकांनी तिकडे जाऊन शोध घेतला, तेव्हा त्याची मूळ बैठक एका मंदिरात सापडली. २०१५ साली मारुतिराय स्वदेशी रवाना झाले.

जवळच निसर्गविज्ञान संग्रहालय आहे. तेथे बाल्टो नावाचा कुत्रा पेंढा भरून ठेवला आहे. १९२५ साली अलास्कातल्या नोम गावी घटसर्पाची साथ आली. बर्फातून सुमारे पावणेसातशे मैल, कुत्र्यांच्या गाड्यांनी टप्प्याटप्प्याने औषध पोचविले. गावात शिरलेल्या शेवटच्या गाडीचा म्होरक्या बाल्टो. एवढा पराक्रम करून दोन वर्षांत तो लॉस एंजेलिसच्या एका तमाशेवाल्याकडे हाल सोसत होता! क्लीव्हलंडच्या एका व्यापाऱ्याने ते पाहिले. शाळकरी पोरांनी पै-पैसा जमविला, कामगारांनी टोप्या फिरविल्या, दोन हजार डॉलर उभे राहिले आणि बाल्टो सोबत्यांसह या गावी आला. १९३३ मध्ये तो येथेच वारला.

१९९८ साली अलास्कातल्या मुलांनी ‘आमचा बाल्टो परत द्या’ म्हणून मागणी केली. हनुमान परत देणाऱ्या याच गावाने त्या वेळी साफ नकार दिला. काही महिने पाहुणा म्हणून पाठविला, एवढेच. मला यात विसंगती दिसत नाही. हनुमान होता कंबोडियातल्या देवळाचा. बाल्टोला त्याच्या मुलखाने विकून टाकले होते आणि पोरांनी खाऊच्या पैशांतून सोडवून आणले होते. आता त्याचे काळे केस उजेडाने तांबूस पडले आहेत. पण गावातली पोरे अजून काचेला नाक लावून त्याच्याकडे पाहत असतात.